एक हजार रुपये आणि एक विरोधी हात

शहराच्या राजकारणाची बातमी वाचायला आता फारशी बुद्धी लागत नाही. अमुक नगरसेवक सकाळी पक्ष सोडतो, दुपारी परत येतो. मुख्य सभेत कुणी महापौरांसमोरचा मानदंड पळवतो, कुणी पाणीटंचाईच्या निषेधार्थ सभागृहात माठ फोडतो. कुणाची क्लिप बाहेर येते, कुणाची यायची असते. आणि संध्याकाळी हेच दोन वैरी एखाद्या लग्नात एका सोफ्यावर बसून मठ्ठा पिताना दिसतात. आमची पोरे या क्लिपा एकमेकांना पाठवतात, हसतात, शिव्या देतात आणि विसरतात. आम्हीही हसतो. पण हसून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा राहून जातो. एवढा आरडाओरडा चालू असताना मंजूर काय झाले?

हा प्रश्न नवा नाही. तो पहिल्यांदा ज्याने नगरपालिकेच्या सभेत बसून, स्वतःच्या मताने विचारला, तो आमचा बाप आहे. जोतीराव फुले. पुण्याच्या नगरपालिकेत जोतीरावांचे काय झाले, हयात असताना आणि मेल्यानंतरही, हा इतिहास आमच्या तरुणांना तुकड्यातुकड्यांत माहीत असतो. तो सलग वाचला तर आजच्या महापालिकेतले तमाशे नीट उमजतात. आमचे म्हणणे एवढेच आहे : सभागृहात भांडण होते ते नावावरून, आणि एकमत होते ते खर्चावर. आपण भांडण बघत बसतो. जोतीराव खर्च बघत होते.

बत्तीस जण आणि एक हजार रुपये

जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सरकारने नेमलेले सभासद. त्या वेळी आजच्यासारखे निवडून येणे नव्हते. सरकारला जे प्रतिष्ठित वाटतील ते नेमले जात. सरदार, सावकार, वकील, पेन्शनर अशा मंडळींत हा माळ्याचा मुलगा जाऊन बसला. तोपर्यंत त्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली होती, १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला होता. म्हणजे नगरपालिकेत जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या बळावर शाळा आणि पाणी या दोन्ही गोष्टी करून दाखवल्या होत्या. आज उलटे असते. आधी पद, मग कामाचा फलक, आणि काम जमले तर.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेच्या अध्यक्षांनी ठराव आणला. पाहुण्यांच्या स्वागतासाठी, मानपत्रासाठी एक हजार रुपये खर्चावेत. हा लिटन कोण? १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा ज्याने आणला, तो. सत्यशोधकांच्या ‘दीनबंधु’ने त्या कायद्याविरुद्ध आवाज उठवला होता. जोतीरावांनी सांगितले, हा करदात्यांचा पैसा आहे, तो स्वागतात उधळण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा. मतदान झाले. बत्तीस सभासदांपैकी विरोधात मत देणारे एकटे जोतीराव.

हा प्रसंग आपण भाषणात टाळ्यांसाठी सांगतो आणि पुढे जातो. थोडे थांबून बघा. उरलेल्यांत शिकलेले लोक होते, इंग्रजी येणारे होते, पुढे देशभक्त म्हणून मिरवणारे घराणेदार होते. त्यांचे आपापसांत सख्य असेल असे नाही. पेठापेठांची, जातीजातींची, मानपानाची भांडणे तेव्हाही होती. पण स्वागताच्या खर्चावर सगळे एक. कारण त्या खर्चात प्रत्येकाला काहीतरी मिळणार होते. कुणाला व्हाइसरॉयच्या जवळची खुर्ची, कुणाला पुढच्या नेमणुकीची आशा, कुणाला कमानीचे काम. ज्याला यातले काहीच नको होते, त्याचा एकट्याचा हात विरोधात वर गेला.

आणि जोतीराव गरीब बिचारे, सरकारी कामातले त्यांना काय कळणार, असेही नाही. ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. ठेका कसा मिळतो, मोजमाप कसे लिहितात, कोणत्या टप्प्यावर कुणाचा हात ओला होतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते, आणि ते लिहिलेही. म्हणून त्यांचा विरोध साधूचा विरोध नव्हता. हिशेब समजणाऱ्या माणसाचा विरोध होता. आजच्या आमच्या कार्यकर्त्यात नेमकी याचीच उणीव आहे. त्याला संताप येतो, अंदाजपत्रक वाचता येत नाही.

त्याच काळात, १८८० मध्ये, शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्धही जोतीरावांनी नगरपालिकेला लेखी कळवले. म्हणजे त्यांचे सभासदत्व एका मतापुरते नव्हते. पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्यात गरिबाचे काय होते, एवढी एकच फूटपट्टी ते प्रत्येक विषयाला लावत.

मंडई

पुढे शहरात मोठी मंडई बांधायचे ठरले. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरत असे. नव्या मंडईची इमारत दगडी, कळसासारखा उंच मनोरा, खर्च लाखांच्या घरातला. जोतीरावांनी विरोध केला. इमारतीच्या डामडौलावर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणाकडे वळवा, हेच त्यांचे म्हणणे.

इथे आमच्या विरोधकांना चेव येतो. बघा, फुले विकासाच्या आड आले! तर मंडळी, जोतीराव माळी होते. भाजी पिकवणारा आणि विकणारा कोण, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शहरात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याची अवस्था मांडली आहे. जकात, दलाली आणि इतर उपटसुंभ खर्च देऊन तो कसा मोकळ्या हाताने घरी परततो. नगरपालिकेची तिजोरी ज्या जकातीवर भरत होती, ती त्याच्या गाडीवरून येत होती. तेव्हा त्यांचा प्रश्न असा होता : ज्याच्या गाडीवर तुम्ही कर बसवता, त्याच्या पोराला शाळा कुठे आहे? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही हेच सूत्र आहे. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांसाठी होतो. नगरपालिकेत बसून त्यांनी जे मत दिले आणि हंटरपुढे जे निवेदन दिले, ते एकच आहे.

मंडई झाली. १८८६ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ झाली. पुन्हा साहेबाचेच नाव! २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. पण त्यांचे आणि नगरपालिकेचे भांडण मिटले नाही.

दोन पुतळे, दोन न्याय

१९२४ मध्ये याच मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. अनावरणाला मोतीलाल नेहरू आले. नगरपालिकेत त्या वेळी टिळकांच्या अनुयायांचा वरचष्मा होता. ‘केसरी’चे न. चिं. केळकर यांनी नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवले होते. आपल्या पुढाऱ्याचा पुतळा त्यांनी उभारला, याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही.

पण १९२५ मध्ये नगरपालिकेचे तरुण सभासद केशवराव जेधे यांनी मागणी केली की जोतीराव फुल्यांचाही पुतळा नगरपालिकेने उभारावा. तेव्हा मात्र पुतळा ही चैन ठरली. करदात्यांचा पैसा आठवला. फुल्यांची एवढी थोरवी ती कोणती, असा सूर निघाला. ज्या शहरात मुलींची पहिली शाळा त्यांनी उघडली, त्या शहराच्या नगरपालिकेत त्यांच्या थोरवीचा पुरावा मागण्यात आला. सनातनी सभासदांनी एकजुटीने विरोध केला आणि मागणी तिथेच अडली.

नियतीचा खेळ बघा. ज्या माणसाने करदात्यांच्या पैशाची काळजी वाहिली, त्याच्याच विरोधात करदात्यांच्या पैशाचे कारण वापरले गेले. तत्त्व तेच, वापर उलटा. म्हणून आम्ही तरुणांना सांगतो, सभागृहात कोण काय बोलला याला महत्त्व नाही. तो हेच वाक्य कालच्या विषयावर बोलला होता का, ते तपासा.

शुक्रवार पेठेतल्या जेधे मॅन्शनमधून याला उत्तर आले. दिनकरराव जवळकर यांनी ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक लिहिले. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर त्यात जहाल टीका होती. भाषा तिखट म्हणजे किती तिखट, ते आज वाचतानाही कळते. जेधे प्रकाशक, केशवराव बागडे यांची प्रस्तावना, रामचंद्र लाड मुद्रक. पुण्यात वणवा पेटला. बदनामीचा खटला झाला आणि १९२६ मध्ये खालच्या कोर्टाने चौघांनाही शिक्षा ठोठावली.

अपिलात या चौघांच्या बाजूने उभा राहिला तो पस्तीस वर्षांचा एक बॅरिस्टर. डॉ. भीमराव आंबेडकर. विलायतेहून परतून त्यांना तीन वर्षे झाली होती, वकिलीचा जम बसायचा होता. बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम नुकतेच सुरू झाले होते. बाबासाहेबांनी कोर्टात भाषण ठोकले नाही, कायद्याच्या मुद्द्यावर नेम धरला. फिर्यादीचे मृत व्यक्तीशी असलेले नाते लांबचे, तेव्हा त्याला फिर्याद करण्याचा अधिकारच पोहोचत नाही. ऑक्टोबर १९२६ मध्ये सगळे आरोपी सुटले.

नगरपालिकेतल्या एका पुतळ्याच्या भांडणातून जोतीरावांच्या बाजूने लढणारे लोक आणि बाबासाहेब असे एकत्र आले. शालेय पुस्तकात हे नसते. आपल्या जयंतीच्या भाषणांतही क्वचितच असते.

बाबासाहेबांनी नाकारलेली अट

गोष्ट इथे संपली असती तर सोपी होती. ‘आपले’ विरुद्ध ‘त्यांचे’ असे चित्र रंगवून मोकळे होता आले असते. पण पुढच्याच वर्षी महाडचा सत्याग्रह आला. जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, मात्र अट घातली : चळवळीत ब्राह्मण नकोत. ज्यांना सोडवण्यासाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, त्यांचीच ही अट. बाबासाहेबांनी ती नाकारली. आपला लढा ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाशी नाही, ही त्यांची भूमिका. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे आपण जाणतो.

म्हणजे बाबासाहेब दोस्तीत वाहून गेले नाहीत. पुतळ्याच्या भांडणात न्याय ज्या बाजूला होता, त्या बाजूने ते लढले. भांडण जातीच्या द्वेषाकडे वळू लागले, तिथे थांबले. आजच्या शहरी राजकारणात हे दोन्ही करणारा माणूस शोधून दाखवा.

महाडची आणखी एक बाजू आहे, आणि तीही नगरपालिकेचीच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाणी मिळाले का? नाही. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून होता, कारण त्याला कुणाचा खर्च नव्हता आणि कुणाला त्रासही नव्हता. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या कागदाला जीव आला. आणि जीव येताच नगरपालिकेने तो मारला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! पुढे कोर्टकचेरी. १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

यातून धडा काय? पालिकेला ठराव करायला काही लागत नाही. ज्या ठरावाने कुणाचेच बिघडत नाही, तो एकमताने होतो. अंमलबजावणी मागा, मग बघा कोण कुठल्या बाकावर बसतो.

नाव स्वस्त झाले

पुण्यात १९३० च्या दशकात वारे बदलले. केशवराव जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि काकासाहेब गाडगीळांच्या खांद्याला खांदा लावून काम करू लागले. प्र. के. अत्रे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने ‘रे मार्केट’चे नाव ‘महात्मा फुले मंडई’ झाले. चांगलेच झाले. साहेबाचे नाव गेले, जोतीरावांचे आले. पण एक गंमत राहिलीच. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, त्याच इमारतीवर त्यांचे नाव लागले. त्या इमारतीऐवजी जे मागितले होते, त्याचे काय, हे कुणी विचारले नाही.

तेव्हापासून राज्यकर्त्यांना एक युक्ती सापडली. १९२५ मध्ये फुल्यांचे नाव घेणे म्हणजे सत्तेला आव्हान होते. म्हणून तर त्यावरून लोक तुरुंगाच्या दारापर्यंत गेले. पुढे कळले की नाव दिले तरी तिजोरीला धक्का लागत नाही. मग नाव मागा, लगेच मिळते. चौक मागा, मिळतो. उद्यान मागा, कमान मागा, मिळते. नाव जेवढे मोठे, तेवढा त्याच्या खालचा प्रश्न लहान.

अलीकडचे दाखले घ्या. २००७ मध्ये पुणे महापालिकेत राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप एकत्र आले. राज्यात एकमेकांना पाण्यात पाहणारे पक्ष शहरात एका ताटात जेवले. याला ‘पुणे पॅटर्न’ असे गोड नाव मिळाले. विचारधारा कुठे गेली, असे काही भाबडे लोक विचारत होते. विचारधारा मुख्य सभेत होती. पॅटर्न स्थायी समितीत होता. सोळा जणांची ही समिती टेंडरे मंजूर करते. तिथले सभासद चिठ्ठ्या टाकून निवृत्त होतात आणि त्या चिठ्ठीत आपले नाव निघू नये म्हणून नास्तिकसुद्धा देव पाण्यात घालतात. शिक्षणाच्या समितीवर जाण्यासाठी कुणी असे रुसल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

डिसेंबर २०१० मध्ये लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा हटवण्याचा ठराव झाला आणि रात्रीच्या अंधारात पुतळा हलवला गेला. सभागृहात तोडफोड झाली, शहर बंद झाले. दादोजी शिवरायांचे गुरू नव्हते, ही भूमिका आम्हाला मान्य आहे. इतिहासाची दुरुस्ती व्हायलाच हवी. पण त्या दिवसांत ज्या त्वेषाने दोन्ही बाजू लढल्या, त्या त्वेषाने एखाद्या वस्तीतल्या शौचालयासाठी लढताना त्यांना कुणी पाहिले आहे का?

आणि भिडेवाडा. १८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली, ती वास्तू. राष्ट्रीय स्मारक करू, असे महापालिका किती वर्षे म्हणत होती! दहा वर्षांहून अधिक काळ कोर्टात वाद चालला, वाडा डोळ्यांदेखत ढासळत गेला. शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयातून निकाल आला आणि डिसेंबरात उरलेला वाडा पाडून जागा ताब्यात घेतली गेली. स्मारक होईल, भव्य होईल, त्याचे श्रेय घ्यायला सगळे पक्ष येतील. ज्या शहरात पालिकेच्या मराठी शाळांचे पट घसरत चालले आहेत, त्या शहरात पहिल्या शाळेचे स्मारक होईल. जोतीरावांनी यावर काय मत दिले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. जोतीरावांच्या वेळी निदान बत्तीस नेमलेले होते, इथे एकच नेमलेला! त्या काळात भांडणे बंद झाली, मानदंड सुखरूप राहिला. आणि लोकशाहीच नाही म्हणून ज्यांनी रस्त्यावर यायला हवे होते, ते तिकिटासाठी बंगल्याबंगल्यांवर रांगा लावून उभे होते. आम्ही भांडणाची थट्टा करतो, पण सभागृह बंद पडणे हा त्यावरचा उपाय नाही. भांडण नसलेले सभागृह बाबासाहेबांच्या संविधानाला अपेक्षित नाही. योग्य गोष्टीवर भांडणारे सभागृह अपेक्षित आहे.

आता आपल्या घरात बघू

इथपर्यंत वाचून तुम्ही मान डोलावली असेल. आता जरा कडू बोलतो.

२०१७ च्या पुणे महापालिका निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या एका गटाचे उमेदवार कमळाच्या चिन्हावर लढले. युती करणे वेगळे, आपले चिन्ह खाली ठेवणे वेगळे. बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन काढले, रिपब्लिकन पक्षाची संकल्पना मांडली, ते काय दुसऱ्याच्या चिन्हाची पाटी गळ्यात अडकवण्यासाठी? उरलेले गट त्यावर हसले आणि पुढच्या महिन्यात जयंतीची मिरवणूक कुठल्या रस्त्याने आधी जाणार यावरून आपसांत भांडले. दुसऱ्यांच्या सभागृहातला तमाशा आपण आपल्या बुद्धविहारासमोर आणून ठेवला आहे.

आम्ही ज्या वस्तीत काम करतो, तिथल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. पोरे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. दोन खोल्या, एक पंखा. वरच्या मजल्यासाठी अर्ज केला. दोन वर्षे चपला झिजवल्या. मग कळले की आमच्या वस्तीच्या नावावर तरतूद झाली होती, पण तिचे ‘वर्गीकरण’ झाले. वर्गीकरण म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणे. त्या पैशातून काय झाले? वस्तीच्या तोंडाशी मोठी स्वागत कमान झाली आणि तिच्यावर महामानवाचे नाव आले. उद्घाटनाला आम्हीच ढोल वाजवला. विरोध करायचा तर बाबासाहेबांच्या नावाला विरोध केल्यासारखे होईल, म्हणून कुणी बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. त्या रात्री लिटनच्या स्वागतासाठी हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो, हे इथे कबूल करतो.

आपल्या माणसांचा महापालिकेशी खरा संबंध कमानीचा नाही, झाडूचा आहे. पहाटे पाचला रस्त्यावर कोण असते? कंत्राटी सफाई कामगार कोणत्या जातीचे असतात? पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तीन हजारांहून अधिक सभासद, बहुतेक बाया, बहुतेक दलित. त्यांच्या कराराचा विषय निघतो तेव्हा मोठ्या ठेकेदाराच्या बाजूने आणि या बायांच्या बाजूने कोण कोण बोलते, याची यादी आपल्यापैकी कुणी ठेवली आहे का? चौकाच्या नावासाठी रास्ता रोको करणारे आपण या विषयावर किती वेळा पालिकेसमोर बसलो?

काय करायचे

उपाय क्रांतिकारक वाटणार नाहीत. जोतीरावांचेही वाटले नव्हते.

पहिले, अंदाजपत्रक वाचा. आयुक्त ते स्थायी समितीला देतात, स्थायी समिती त्यात भर घालून मुख्य सभेपुढे ठेवते. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघा. मधल्या काळात काय वाढले आणि काय कमी झाले, तिथेच शहराचे खरे राजकारण असते. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीला ‘स’ यादी म्हणतात. आपल्या प्रभागाची ‘स’ यादी मागवा. बाकडी किती, फलक किती, अभ्यासिका किती, मोजा.

दुसरे, मागासवर्गीय कल्याणासाठी राखलेल्या निधीचे वर्गीकरण झाले का, ते माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. एका डीजेच्या तासाच्या भाड्यात किती अर्ज होतील, तेही मोजा.

तिसरे, नाव देण्याच्या प्रत्येक ठरावासोबत एक प्रश्न जोडा. या नावाखाली काय चालणार? महात्मा फुल्यांचे नाव देता, तर शाळा कुठे? बाबासाहेबांचे देता, तर ग्रंथालय कुठे? सावित्रीमाईचे देता, तर मुलींचे वसतिगृह कुठे? नावाला आमचा विरोध नाही. नाव हे कर्ज आहे, ते फेडायला लावा.

चौथे, आणि हे सर्वांत अवघड. आपला माणूस सभागृहात गेला तर त्याला एकटे पडायला शिकवा. आपण त्याला किती निधी आणलास ते विचारतो. कशाच्या विरोधात हात वर केलास, हे कधी विचारत नाही. बत्तीस जणांत एकटा पडलेला सभासद त्या दिवशी हरला होता. ठराव मंजूर झाला, हजार रुपये खर्च झाले, साहेब येऊन गेला. त्या हजार रुपयांच्या कमानी कुठल्या रस्त्यावर लागल्या होत्या, हे आज कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या बाजूने हात वर करणाऱ्यांची नावे त्यांच्या नातवंडांनाही सांगता येणार नाहीत. विरोधी मत कुणाचे होते, ते शाळेतले पोरही सांगते.

उद्या सकाळी पुन्हा बातमी येईल. कुणी मानदंड पळवला, कुणी पक्ष बदलला. हसा, जरूर हसा. मग पान उलटा आणि त्या दिवशी कोणता विषय चर्चेविना मंजूर झाला, ते शोधा. तो सापडला की आम्हाला कळवा. पुढच्या सोमवारी आपण मिळून पालिकेच्या दारात उभे राहू.

जय जोती! जय भीम!